‘चेक इंजिन’चा दिवा अन् ‘पी०४२०’ कोड : कॅटलिटिक कन्व्हर्टर बदलण्याआधी काय तपासाल?

नेवासा : गाडी नीट चालते, ॲव्हरेजही फारसा घटलेला नाही, पण डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा काही विझत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ‘पी०४२०’ हा कोड दिसतो आणि लगेच सल्ला मिळतो, ‘कॅटलिटिक कन्व्हर्टर गेला, बदलावा लागेल.’ कंपनीचा नवा कन्व्हर्टर म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. काही ठिकाणी तर ‘काढूनच टाकू, सरळ पाइप बसवू’ असेही सुचवले जाते. नेवासा फाट्यावरून अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगरचे सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी हा कोड नेमके काय सांगतो, ते समजून घेऊ.

कन्व्हर्टर करतो काय?

इंजिनमधून निघणारा धूर सायलेन्सरकडे जाताना आधी कन्व्हर्टरमधून जातो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. या धातूंमुळे विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड व पाणी होते आणि नायट्रोजन ऑक्साइडचे विघटन होते. हे धातू महाग असल्यामुळेच राज्यात ठिकठिकाणी गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार घडले आहेत.

देशात १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले.

‘पी०४२०’ म्हणजे काय?

कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. नेहमीच्या प्रकारच्या पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान सतत वर-खाली होते. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून वापरत असेल, तर मागच्या सेन्सरचे रीडिंग ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहते. मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच नाचू लागला की इंजिनचा संगणक (ईसीयू) ‘कार्यक्षमता मर्यादेखाली’ अशी नोंद करतो.

म्हणजे ईसीयू धुरातले प्रदूषण थेट मोजत नाही, सेन्सरच्या रीडिंगवरून अंदाज बांधतो. त्यामुळे दोष कन्व्हर्टरचाच असेल असे नाही.

तपासणी कोणत्या क्रमाने?

१. इतर कोड पाहा. मिसफायरचा (पी०३०० मालिका) किंवा सेन्सरचा कोड सोबत असेल तर आधी तो सोडवा. काहीशे रुपयांपासून मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल ॲप एवढ्यावर हे काम होते.

२. गळती शोधा. मागच्या सेन्सरच्या आधी पाइपला चीर असेल किंवा गॅस्केट उडाले असेल, तर बाहेरची हवा आत शिरते आणि रीडिंग चुकते. थंड इंजिन सुरू करताना येणारा ‘फट-फट’ आवाज आणि जोडावरची काजळी या तिच्या खुणा.

३. लाइव्ह डेटा पाहा. इंजिन पूर्ण गरम करून दोन-तीन मिनिटे २,५०० आरपीएमवर ठेवा आणि दोन्ही सेन्सरचे आलेख पाहा. सीएनजी किट असेल तर पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्हींवर तपासा. फक्त सीएनजीवर बिघाड दिसत असेल तर किटचे ट्यूनिंग आणि स्पार्क प्लग तपासा.

४. पीयूसीची आकडेवारी वाचा. बीएस-४ व त्यापुढील पेट्रोल गाड्यांसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. मात्र पीयूसी पास झाली म्हणून कन्व्हर्टर ठणठणीत, असे समजू नका.

५. ठोकून ऐका. थंड कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत खडखड झाली तर जाळी तुटली आहे. गाडी चढाला दम टाकत असेल तर जाळी तुंबलेली असू शकते. मेकॅनिककडून बॅक प्रेशर तपासून घ्या.

कन्व्हर्टर खराब का होतो?

बहुतेक वेळा मूळ कारण इंजिनात असते. मिसफायरमुळे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल जळत असेल किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तर जाळीवर थर साचतो. भेसळीचे इंधन आणि स्पीड ब्रेकरवर खालून बसणारा मार यांनीही नुकसान होते. बॅटरी उतरली म्हणून पेट्रोल गाडीला वारंवार धक्का मारणेही टाळा, कारण त्यातूनही कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. मूळ कारण तसेच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही खराब होतो.

काढून टाकला तर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषणाच्या निकषांचा भंग झाल्यास कलम १९० (२) नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मागच्या सेन्सरला स्पेसर लावून दिवा विझवणे ही निव्वळ फसवणूक आहे, त्याने धूर तसाच राहतो.

एवढे लक्षात ठेवा

• दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर तीव्र मिसफायर सुरू आहे. वेग कमी करा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवा.

• कन्व्हर्टर शेकडो अंश सेल्सिअस तापतो. ऊसतोडीच्या हंगामात पाचटावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका, आग लागू शकते.

• गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काम करण्याआधी कन्व्हर्टरवर वॉरंटी आहे का, ते विचारा.

• दुरुस्तीनंतर कोड पुसून शहरात आणि महामार्गावर गाडी चालवा. स्कॅनरमध्ये कॅटलिस्टची चाचणी ‘पूर्ण’ दिसली आणि कोड परतला नाही, तरच काम झाले समजा.

• कन्व्हर्टर बदलावाच लागला तर मेकॅनिकला एक प्रश्न जरूर विचारा, ‘जुना कशामुळे गेला?’ याचे उत्तर मिळेपर्यंत नव्याचे पैसे देऊ नका. जुना कन्व्हर्टरही तसाच सोडून येऊ नका. त्यातल्या धातूंना मोल आहे, बिलात त्याची वजावट मागा.