ओवाळणीचा हिशेब

भाऊबीजेला बहिणीने ओवाळायचे आणि भावाने तबकात काहीतरी घालायचे, ही रीत इतकी अंगवळणी पडलेली असते की ती उलटी करायची वेळ आली म्हणजे शहाणीसुरती माणसेही गोंधळतात. आमच्या घरी तसेच झाले, आणि त्या गोंधळात नऊ महिने गेले.

२०२२ च्या दिवाळीत आमच्या धाकट्याच्या मूत्रपिंडांचे काम शंभरात अठराच उरले होते. चेहऱ्यावरून मात्र कुणाला सांगून पटले नसते. डॉक्टरांनी तेव्हाच विचारले, "घरात कुणी मूत्रपिंड द्यायला तयार आहे का? असेल तर तपासण्या आतापासूनच सुरू करा."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमची समजूत अशी, की आधी डायलिसिस, ते झेपेनासे झाले म्हणजे मग प्रत्यारोपण. कचेरीतली बढती पायरीपायरीने मिळते तसे. डॉक्टर हसले. "मूळचे कोकणातले ना तुम्ही? घर केव्हा शाकारता? गळायला लागल्यावर, की मृगाच्या आधी?"

मग त्यांनी नीट समजावून सांगितले. नातेवाइकाचे मूत्रपिंड मिळणार असेल तर डायलिसिस सुरू न करताही ते बसवता येते, आणि पुष्कळदा तेच हिताचे ठरते. डायलिसिसवर जितकी वर्षे जातात तितका हृदयावर नि रक्तवाहिन्यांवर ताण साचतो. पण उगाच घाईही नको. बसवलेले मूत्रपिंड काही अक्षय नसते. तेव्हा स्वतःच्या मूत्रपिंडांकडून होईल तेवढे काम करून घ्यावे. तयारी आता करायची, आणि काम दहाच्या आसपास उतरले किंवा अन्नावरची वासना उडू लागली, की शस्त्रक्रिया.

आईला मधुमेह, त्यामुळे ती बाद. राहिले मी. रक्तगट जुळत होता. आमचे 'हे' म्हणाले, "तुझं शरीर, तुझा भाऊ. मी रजा टाकतो." अडून बसला तो धाकटाच. "ताई, मी तुला ओवाळणी घालायची, की तुझंच काढून घ्यायचं? अजून डायलिसिससुद्धा लागलेलं नाही. लागलं की बघू."

खरे सांगते, मला सुटल्यासारखे वाटले. भीती मलाही होतीच. त्याच्या नकाराआड ती छान लपली.

ही भीड काही आपल्याकडचीच नाही. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनला डॉक्टर जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला, बसवले. यशस्वी झालेले ते पहिले प्रत्यारोपण. आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी धाडली होती, की तू आपला घरी निघून जा. रोनाल्डने उलट कळवले, मी इथेच राहणार. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला.

मी मात्र गप्प राहिले. जुलै २०२३ मध्ये एका रात्री धाकट्याला श्वास घेता येईना. इस्पितळात मानेत नळी घालून डायलिसिस करावे लागले. हातातल्या शिरा जोडून फिस्तुला करतात, तो तयार व्हायला आठवडे लागतात. ते आमच्यापाशी कुठले! मग आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. परतायचा तो पिळलेल्या पंचासारखा.

त्यानंतर माझ्या तपासण्या सुरू झाल्या: रक्त, चोवीस तासांची लघवी, मूत्रपिंडांचे स्कॅन. १९९४ च्या कायद्याने सख्खी बहीण ही जवळची नातेवाईक. पण ती सख्खी आहे हे कागदावर दाखवावे लागते. माझे माहेरचे नाव असलेला दाखला शोधण्यातच तीन आठवडे गेले! डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. मी पाचव्या दिवशी घरी आले आणि दीड महिना मला घरात कुणी जड वस्तू उचलू दिली नाही. एवढेच ते!

आता तो कामावर जातो, घड्याळ लावून गोळ्या घेतो. भाऊबीजेला पाटावर बसला की सदऱ्याची कॉलर वर ओढतो. नळीचा वण मानेवर आहे. मला तो दिसतोच.