कल्चर रिपोर्टला दोन-तीन दिवस का लागतात?



मुलाला ताप आहे, लघवीला जळजळ होते, म्हणून डॉक्टर 'युरिन कल्चर' करायला सांगतात. लॅबवाले म्हणतात, "रिपोर्ट परवा मिळेल." आपण वैतागतो. रक्तातली साखर तासाभरात कळते, मग यालाच एवढा वेळ का? कारण आधी जीवाणू वाढावे लागतात.

वाढ : एका जीवाणूचे दोन, दोनाचे चार होतात. ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या: एका तासात 8, सात तासांत 20,97,152! पण अन्न संपत आलं आणि टाकाऊ पदार्थ साठले, की ही वाढ थांबते. लॅबमध्ये नमुना अगारच्या प्लेटवर पसरून 37 अंश सेल्सिअसला 18 ते 24 तास ठेवतात. तेव्हा कुठे डोळ्यांना दिसणारे ठिपके, म्हणजे जीवाणूंच्या वसाहती तयार होतात. एक दिवस इथेच गेला.

ओळख : आता हा जीवाणू कोणता? हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी 1884 मध्ये मांडलेली रंगपद्धत आजही वापरतात. ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणू जांभळे दिसतात, ग्रॅम निगेटिव्ह गुलाबी. मॅकॉन्की अगारवर लॅक्टोज आंबवणाऱ्या ई. कोलायच्या वसाहती गुलाबी येतात, इंडोल चाचणीत लाल कडं दिसतं. एका चाचणीवर निकाल देत नाहीत. अनेक खुणा जुळवाव्या लागतात.

नियंत्रण : मग वाढलेल्या जीवाणूंवर अँटिबायोटिकच्या छोट्या चकत्या ठेवतात. औषध लागू पडत असेल, तर चकतीभोवती वाढ होत नाही, मोकळं वर्तुळ दिसतं. ते मोजून कोणतं औषध चालेल हे ठरतं. यात आणखी एक रात्र जाते. काम झालं की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांना किमान 15 मिनिटं ठेवून निर्जंतुक करतात. आपल्या प्रेशर कुकरचंच तत्त्व! नुसत्या उकळीने काही जीवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, म्हणून दाब देऊन तापमान वाढवायचं.

आता आपल्या कामाचं. नमुना देण्याआधी घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी मुलाला देऊ नका. प्लेटवर काहीच उगवणार नाही, रिपोर्ट 'नो ग्रोथ' येईल आणि आजार मात्र तसाच राहील. नमुना लॅबच्याच निर्जंतुक डबीत, मधल्या धारेचा घ्या आणि लगेच पोचवा. डबी उन्हात, गाडीत राहिली तर वर सांगितलेलं दुपटीचं गणित तिच्यातच सुरू होतं आणि आकडा फसवा येतो.

आणि शिक्षकांनो, वर्गात कधी प्लेटवर जीवाणू वाढवलेच, तर झाकण चिकटपट्टीने बंद ठेवा. मुलांनी बाहेरूनच बघायचं, उघडायचं नाही. हात धुवायचेच!