तिसरी काठी

सोलापूरला समुद्र नाही. त्यामुळे दूर जाणाऱ्या जहाजाचा आधी तळ दिसेनासा होतो आणि मग शीड, हा पृथ्वीच्या गोलपणाचा पुरावा आम्ही शाळेत पाठ केला, डोळ्यांनी पाहिला नाही. गावाबाहेर मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागावे, तर नजर पोचेल तिथवर काळी सपाट रानेच दिसतात. अशा मुलखात एखाद्याने विचारले, ‘पृथ्वी गोल आहे हे तुम्ही स्वतः कशावरून म्हणता?’, तर घाईने हसू नये. प्रश्न रास्त आहे.

हा प्रश्न हल्ली मोबाइलवरून येतो आणि विचारणारा बहुधा अनोळखी असतो. त्याच वाटेने गणिताची कोडीही येतात. दोन्हींवरून रात्र रात्र वाद चालतात. काही वाद मिटतात, काही जन्मभर मिटत नाहीत. असे का होते, ते पाहण्यासाठी आधी वादांच्या जाती वेगळ्या करायला हव्यात.

चिन्हांचा वाद

८÷२(२+२) याचे उत्तर किती? २०१९ मध्ये या कोड्याने जगभर भांडणे लावली. कोणी १६ म्हणतो, कोणी १. आपल्याकडे शाळेत ‘कंचेभागुबेव’ शिकवतात. पण दोन आणि कंस यांच्यामध्ये गुणाकाराचे चिन्हच लिहिलेले नाही. डावीकडून क्रमाने गेले, तर ८÷२=४ आणि ४×४=१६. कंसाला चिकटलेला दोन हा कंसाचाच भाग मानला, तर ८÷८=१. दोघांची आकडेमोड बरोबर आहे. फरक आहे तो न लिहिलेले चिन्ह कसे वाचायचे यात. येथे सत्याचा शोध नसून लिहिण्याच्या रीतीचा प्रश्न आहे. एक कंस जास्त घातला की वाद संपतो. आपल्या घरातली कितीतरी भांडणे याच जातीची असतात.

अंदाजाचा वाद

दुसरी जात अधिक मजेची. तीन वाट्या पालथ्या घाला आणि एकीखाली सुपारी ठेवा. समोरच्याने एक वाटी निवडावी. सुपारी कुठे आहे हे तुम्हांला माहीत आहे. उरलेल्या दोहोंपैकी एक रिकामी वाटी उघडून दाखवा आणि विचारा, ‘आता निवड बदलता का?’ बहुतेक जण म्हणतात, दोनच वाट्या उरल्या, निम्मी निम्मी शक्यता, बदलून काय फायदा? प्रत्यक्षात बदलणारा तीनपैकी दोन वेळा जिंकतो. कारण पहिली निवड तीनपैकी दोन वेळा चुकलेलीच असते, आणि ती चुकली असेल तेव्हा बदलले की सुपारी हाती येते.

अमेरिकेत १९९० मध्ये मर्लिन वोस सॅव्हंट या स्तंभलेखिकेने हे उत्तर छापले, तेव्हा तिला सुमारे १०,००० पत्रे आली. त्यांतली बरीच तिला चूक ठरवणारी होती, आणि लिहिणाऱ्यांत गणिताचे प्राध्यापकही होते. पॉल एर्डिश हा विसाव्या शतकातला थोर गणितज्ञ. त्यालाही हे पटेना. संगणकावर तो खेळ पुन्हा पुन्हा खेळवून दाखवला, तेव्हा त्याने मानले. इथे महत्त्वाची गोष्ट एकच. बुद्धी मोठी असूनही चूक होऊ शकली आणि ती सुधारलीही, कारण निकाल लावणारी कसोटी एर्डिशला मान्य होती. फराळ झाल्यावर घरीच तीस डाव खेळून पाहा. बदलणारा वीसच्या आसपास डाव जिंकेल.

पृथ्वीचा वाद

आता तिसरी जात. पृथ्वी सपाट दिसते, या शंकेला आपल्याकडे ११५० मध्येच भास्कराचार्यांनी उत्तर दिले. ‘सिद्धांतशिरोमणी’तल्या गोलाध्यायात ते सांगतात की परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. माणूस लहान, पृथ्वी प्रचंड, म्हणून त्याला ती सपाट वाटते. मेरू पर्वताआड सूर्य गेल्याने रात्र होते असे म्हणणाऱ्यांना ते विचारतात, मग तो मेरू आपल्याला दिसत का नाही? पृथ्वीचा परिघ त्यांनी ४९६७ योजने दिला आहे. पुराणांतले जंबुद्वीप एकटेच एक लाख योजने रुंद. दोन्ही एकाच वेळी शब्दशः खरे मानायचे कसे?

हा प्रश्न मराठीत छापून आला १८३६ मध्ये. भोपाळजवळच्या सीहोर येथील इंग्रज अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू यांनी ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहिला आणि पुराणांतले भूवर्णन सिद्धांतज्योतिषाशी जुळत नाही, हे उघडपणे मांडले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. त्यांच्या ग्रंथाच्या नावातच ‘विरोधमर्दन’ आहे. विरोध खरा नाही, तो केवळ भासतो, ही त्यांची बाजू. रोडे अडाणी नव्हते. यंत्रराज या वेधयंत्रावर टीका लिहिणारे ते ज्योतिषी होते. गणित दोघांनाही येत होते. दोघांत अंतर होते ते एवढेच की अखेरचा शब्द कोणाचा, ग्रंथाचा की मोजणीचा. ते ठरल्याशिवाय वाद मिटणार कसा?

इंग्लंडात १८७० मध्ये याहून कडू अनुभव आला. पृथ्वी सपाट आहे असे मानणाऱ्या जॉन हॅम्पडनने ५०० पौंडांची पैज लावली. उत्क्रांतीच्या सिद्धांतात डार्विनचा सहविचारक असलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेसने ती घेतली. सुमारे दहा किलोमीटर सरळ जाणाऱ्या एका कालव्यावर सारख्या उंचीच्या खुणा लावून दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा मधली खूण वर उचललेली दिसली. पंचाने वॉलेसच्या बाजूने निकाल दिला. हॅम्पडनच्या माणसाने त्याच दुर्बिणीतून पाहिले आणि विजय आपलाच झाल्याचे सांगितले. पुढे कित्येक वर्षे हॅम्पडन वॉलेसची बदनामी करीत राहिला, त्यापायी तुरुंगातही गेला. मत मात्र बदलले नाही. वॉलेसने पैज घेतल्याचा पश्चात्ताप लिहून ठेवला आहे.

सोलापुरात काय करता येईल?

तरीही मोजणी करून पाहावी, आणि त्यासाठी आपले गाव फार सोयीचे आहे. सोलापूर १७.६६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या १०-११ तारखेच्या सुमारास दुपारी १२ वाजून २३ मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या आरंभी हे पुन्हा घडते, पण तेव्हा ढगांचा भरवसा नसतो. दुसरे भाग्य असे की सोलापूर आणि उज्जैन जवळजवळ एकाच रेखावृत्तावर येतात. हीच आपल्या जुन्या ज्योतिषाची मध्यरेषा. दोन्हीकडे माध्यान्ह साधारण एकाच मिनिटाला होते.

त्या दिवशी उज्जैनच्या ओळखीच्याला एक मीटरची काठी उभी करायला सांगा. तिची सावली ९.७ सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे साडेपाच अंशांचा कोन. दोन शहरांतले दक्षिणोत्तर अंतर सुमारे ६१२ किलोमीटर. साडेपाच अंशांना ६१२, तर ३६० अंशांना किती? उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळ येते. एकाच रेषेवरच्या दोन गावांवरून परिघ काढण्याची ही त्रैराशिकाची रीत भास्कराचार्यांनीही सांगितली आहे.

इथे आपण विजयाने टाळी देतो. पण समोरचा अनोळखी माणूस हुशार असेल तर म्हणेल, ‘थांबा. तुम्ही सूर्य फार दूर आहे असे धरून चाललात. पृथ्वी सपाट आणि सूर्य सोलापूरच्या वर फक्त ६३०० किलोमीटरवर असेल, तरी उज्जैनची सावली एवढीच पडेल.’

त्याचे म्हणणे बरोबर आहे! दोन काठ्यांनी पृथ्वी गोल असल्याचे सिद्ध होत नाही. गोल मानली तर परिघ निघतो, सपाट मानली तर सूर्याची उंची निघते. शाळेतल्या पुस्तकाने हे आपल्याला सांगितलेले नसते.

म्हणून तिसरी काठी लागते, आणि ती लांब हवी. दिल्ली पुरणार नाही. तिथे दोन्ही हिशेबांतला फरक जेमतेम एका अंशाचा दहावा भाग. पण आज सोलापूरच्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी परदेशात असते. लंडनच्या भाच्याला सांगा, त्याच दिवशी तिथल्या माध्यान्ही, म्हणजे सावली सर्वांत आखूड असताना, ती मोज. सपाट पृथ्वी आणि जवळचा सूर्य या हिशेबाने एक मीटर काठीची सावली ५९ सेंटिमीटर यायला हवी. गोल पृथ्वी आणि दूरचा सूर्य या हिशेबाने ६७. आठ सेंटिमीटरांचा फरक शाळकरी मुलाच्या फूटपट्टीलाही कळतो. भाच्याच्या पट्टीवर ६७ च्या जवळचाच आकडा येईल.

मात्र काठी रोवण्याआधी एक करार करावा. शहरांमधली अंतरे कोणत्या नकाशावरून घ्यायची हे दोघांनी ठरवावे. ५९ आले तर मी मत बदलीन, ६७ आले तर तुम्ही बदला, असे लिहून घ्यावे. वॉलेसने मोजणी चोख केली, पण हॅम्पडनचे मत कशाने बदलेल हे आधी विचारले नाही. समोरचा ‘कशानेही नाही’ म्हणाला, तर नमस्कार करून उठावे. आपली रात्र वाचते.

हाच प्रश्न स्वतःलाही विचारावा, आणि तो जास्त अवघड आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी पृथ्वी गोल असल्याचे मानले ते गुरुजींनी सांगितले म्हणून. मत खरे निघाले, पण ते आपल्या कष्टाचे नव्हते. तो हट्टी अनोळखी माणूस अडला नसता, तर दोन काठ्यांचा पुरावा अपुरा आहे हे कळायची वेळच आली नसती. त्याच्यामुळे तिसरी काठी रोवावी लागली, एवढे त्याचे ऋण मान्य करायला हरकत नाही.