रोहिणीचे आकुंचन आणि अन्नातील अमिनो आम्ले

भोपाळच्या मोठ्या तलावाचे पाणी शहरातील अनेक घरांच्या नळांना येते. कोणत्याही तलावाच्या पाण्याप्रमाणे त्यातही कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. अशाच नळाच्या पाण्याने शरीरशास्त्राला एक मोठे सत्य शिकविले. १८८२ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात चालते ठेवण्याचे प्रयोग करीत होते. पुढे उमगले, की ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचेच पाणी वापरले गेले होते. शुद्ध पाणी घेतले, तो हृदय लवकरच बंद पडे. कॅल्शियम घालताच ठोके पुन्हा सुरू होत. १८८३ साली रिंगर यांनी आपली चूक स्वतःच प्रसिद्ध केली.

जे हृदयाचे, तेच रोहिण्यांचे. रोहिणीच्या भित्तीत स्नायुपेशींचे वेढे असतात. पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असते. संदेश येताच पेशीची सूक्ष्म द्वारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते, आतील साठाही मोकळा होतो आणि वेढा आवळला जातो. शरीरभर असे घडले, की रक्तदाब चढतो.

मग हा वेढा सैल कोण करतो? प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी आर्जिनिन हे शेंगदाणे, तीळ, हरभरे यांत असते. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखविले, की रोहिणीचे आतील नाजूक अस्तर शाबूत असेल, तरच ॲसिटिलकोलिन या द्रव्याने ती सैल होते. ते अस्तर आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनविते, हे १९८८ साली सिद्ध झाले. हा वायू काही सेकंदच टिकतो; पण तेवढ्यात शेजारच्या स्नायुपेशीत जाऊन तेथील कॅल्शियम उतरवितो. या वायूच्या कार्याच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कलिंगडातील सिट्रुलिन हे अमिनो आम्लही आपल्या मूत्रपिंडांत आर्जिनिनमध्ये रूपांतरित होते.

तर मग आर्जिनिनची भुकटीच का घेऊ नये? हा मोह स्वाभाविक आहे, पण घातक ठरू शकतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी ६ जण दगावले, न घेणाऱ्यांपैकी एकही नाही. रोहिण्यांचा ताठरपणाही कमी झाला नाही. चाचणी थांबवावी लागली. दुखावलेल्या अस्तराला नुसता कच्चा माल पुरवून भागत नाही.

म्हणून शेंगदाणे अन्न म्हणून खावेत, कलिंगड उन्हाळ्यात आवडीने खावे. परंतु अम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची गोळी कॅल्शियमच्या त्याच द्वारांवर पहारा ठेवीत असते. कोणा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तो पहारा उठवू नये. डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी सोडू नये, आणि भुकटी तर सुरूच करू नये.