नव्या इंजिनाचे पहिले ऑइल

‘मामा, पहिलं ऑइल कितीला बदलू?’ नवी गाडी घेतलेला माणूस हरसूलला आमच्या गॅरेजवर आला की हा प्रश्न हमखास विचारतो. बोनेटवरच्या हाराची फुले अजून सुकलेली नसतात आणि पहिल्या हप्त्याची तारीख डोक्यात असते. आमच्या भागात गाडी हौसेने फार कमी जण घेतात. भात, नागली, भाजीपाला, खडी, विटा, जे मिळेल ते भाडे मारून चार-पाच वर्षे हप्ते फेडायचे असतात. तेवढ्यात इंजिनाचे काम निघाले तर हप्ता थांबतो आणि गाडी ओढून नेली जाते. म्हणून प्रश्न साधा वाटला तरी साधा नाही. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. एकच आकडा सगळ्यांना का चालत नाही, तेच आज सांगणार आहे.

आधी नव्या इंजिनात काय चालते ते पाहू. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो, त्याला आपण लायनर म्हणतो. लायनर आतून आरशासारखा गुळगुळीत असतो असा पुष्कळांचा समज आहे. तसा तो नसतो. कारखान्यात त्याच्यावर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मारलेल्या असतात. या रेघांत ऑइल धरून राहते. रेघांच्या मधली उंच टोके आणि पिस्टनच्या रिंगांची कड सुरुवातीला एकमेकींवर घासतात, झिजतात आणि शेवटी नीट जुळतात. याला आपण ‘रिंगा बसल्या’ म्हणतो. नवे जाते जरा वापरात आल्यावरच पीठ बरे देते, तसेच हे.

आता गंमत अशी की रिंगेला लायनरवर दाबण्याचे काम तिच्या स्वतःच्या ताणापेक्षा ज्वलनाचा वायू जास्त करतो. डिझेल पेटले की दाबाखालचा वायू रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. इंजिनावर भार असेल तर दाब चांगला असतो. गाडी रिकामी, पाय हलका, तासन्‌तास उभ्या जागी इंजीन चालू, अशा वेळी दाब कमी पडतो. रिंग लायनरला नुसती चाटून जाते. मागे राहिलेले ऑइल भाजते, त्याचा वार्निशसारखा थर रेघांत भरतो, आणि मग रिंग बसायची राहते ती राहतेच. अशी गाडी पुढे ऑइल खाते, ब्रीदरमधून धूर टाकते. हा थर घालवायला इंजीन उघडावे लागते.

म्हणून नव्या गाडीचे फार लाड करू नका, असे मी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एकाच महिन्यात घेतलेल्या सारख्या दोन गाड्या येत. एकाने दोन महिने ती रिकामीच फिरवली, रोज सकाळी अर्धा तास उभी चालू ठेवली. दुसऱ्याने पहिल्या आठवड्यापासून अर्धा माल भरला. वर्षभराने पहिल्या गाडीत दर पंधरवड्याला ऑइल घालावे लागे, दुसरीत दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये पट्टी फारशी हलत नसे. दोन गाड्यांवरून नियम काढू नये, हे मलाही कळते. पण इंजिनाचे शास्त्र जे सांगते, त्याच्याशी हे जुळणारे आहे.

भार द्या म्हणजे कोंबून भरा, असे मात्र नाही. सुरुवातीच्या हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये निम्मा-पाऊण माल, इंजीन पुरते तापल्यावरच जोर, आणि एकाच वेगाने लांब पळवणे नको. वेग कमी-जास्त होत राहिला पाहिजे. या दृष्टीने आमचा रस्ता वाईट नाही! नाशिकहून गिरणारे सोडून वाघेरा घाट चढून हरसूलला या. चढाला इंजिनाला भार मिळतो, उताराला गिअरमध्ये गाडी उतरवली की विश्रांती मिळते. अट एकच, चढाला गिअर वेळेवर उतरवा. वरच्या गिअरमध्ये कण्हत-कुंथत चढवलेली गाडी बेअरिंगवर घाव घालते. एक गिअर टाळला म्हणून डिझेल वाचत नाही. आणि चढ संपल्यावर गाडी थांबवायची असेल तर मिनिट-दोन मिनिटे इंजीन चालू राहू द्या, टर्बो निवतो.

जुन्या लोकांना आठवत असेल, पुणे-नाशिक रस्त्यावर पिंपरीच्या टेल्कोतून निघालेल्या बिनकेबिनच्या चॅसिस ओळीने जायच्या. मफलर गुंडाळलेला, गॉगल लावलेला ड्रायव्हर उघड्यावर बसलेला. इंजिनाचे पहिले शेकडो किलोमीटर त्याच्याच पायाखाली जात, आणि गाडी घेणाऱ्याला त्याचे नावही माहीत नसे. टेल्कोचे नाव २००३ साली टाटा मोटर्स झाले.

आता ऑइलकडे येऊ. घासून झिजलेले लोखंड जाते कुठे? ऑइलात. त्यात बेअरिंगचे तांबे-शिसे, पिस्टनचे ॲल्युमिनियम, जोडणीच्या वेळची पेस्ट आणि साफ करूनही राहिलेला बारीक कचरा यांची भर पडते. फिल्टर मोठे कण पकडतो, पण अगदी बारीक कण त्यातून पार होतात. शिवाय पहाटे ऑइल गार आणि घट्ट असताना फिल्टरची बायपास झडप उघडते, तेव्हा थोडे ऑइल न गाळताच फिरते. इंजिनाच्या आयुष्यात कणांची गर्दी सर्वांत जास्त असते ती या सुरुवातीच्या काळात. पहिले ऑइल लवकर काढायचे ते यासाठी.

पूर्वी हजार किंवा फार तर दोन हजार किलोमीटरला पहिले ऑइल काढण्याची रीत होती आणि ती बरोबर होती. लायनरचे काम आजच्याइतके बारीक नव्हते आणि डिझेलमध्ये गंधक फार होते. गंधक जळून आम्ल होते, ते ऑइलला मारावे लागते. देशभर २०१० सालापासून भारत स्टेज ३ लागू झाले, तेव्हा दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे. २०१७ मध्ये ते ५० वर आले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मध्ये फक्त १० वर. लायनरच्या रेघांची उंच टोकेही आता कारखान्यातच बरीचशी छाटून देतात. त्यामुळे काही कंपन्या कारखान्यात भरलेले ऑइल बऱ्याच लांब पल्ल्यापर्यंत ठेवायला सांगतात. तिथे आमच्यासारख्या गॅरेजवाल्याच्या सवयीपेक्षा गाडीबरोबर आलेले पुस्तक मोठे. बीएस-६ गाडीला पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचेच, कमी राखेचे ऑइल लागते. स्वस्तातले जुन्या दर्जाचे घातले तर त्याची राख सायलेन्सरच्या फिल्टरमध्ये अडकते आणि ती जाळूनही जात नाही.

पण पुस्तक वाचताना एक गोष्ट बघा. त्यात बहुधा दोन रकाने असतात, साध्या कामाचा आणि कठीण कामाचा. आपले काम दुसऱ्या रकान्यातले. असा हिशेब करा. हायवेवर ताशी ५० च्या सरासरीने २,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ४० तास. घाटात, खडीच्या रस्त्यावर सरासरी २० पडली तर त्याच २,००० किलोमीटरला १०० तास. मीटर दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवतो, ऑइल मात्र अडीच पट राबलेले असते. म्हणून किलोमीटरबरोबर तास मोजा. ज्या गाडीच्या मीटरवर तास दिसत नाहीत, तिथे वहीत लिहा. माझे मत विचाराल तर आमच्या रस्त्यावरच्या गाडीचे पहिले ऑइल पुस्तकातल्या कठीण कामाच्या आकड्याच्याही थोडे आधीच काढावे. मोठ्या ट्रकला १५ लिटर किंवा त्याहून जास्त ऑइल लागते, खर्च टोचतो, हे खरे. पण इंजिनाच्या कामापुढे तो खर्च किरकोळ आहे.

पावसाळ्याचे वेगळे. आमच्याकडे पाऊस धो-धो पडतो, भाडी कमी होतात, गाडी गावातल्या गावात दोन-चार किलोमीटर फिरते. इंजीन पुरते तापतच नाही. ऑइलात ओल राहते, न जळलेले डिझेल मिसळते. पट्टीवर ऑइल वर चढलेले दिसले की काही जण खूश होतात, ‘एक थेंब खाल्लं नाही, उलट वाढलंय!’ ऑइल आपोआप वाढत नसते. ते डिझेल आहे किंवा पाणी आहे. डिझेलने ऑइल पातळ होते आणि बेअरिंग जाते. काही बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरचा फिल्टर साफ करायला जादा डिझेल सोडले जाते, ती साफसफाई दरवेळी अर्धवट राहिली तरी असे होते. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर बघत बसू नका, ऑइल काढा आणि कारण शोधा.

उलट, ऑइल काळे झाले म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनात ते काजळीने लवकर काळे होते, काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

ऑइल गरम असताना काढा, म्हणजे तळाचा गाळ बरोबर येतो. फिल्टरही बदला. काढलेल्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी, मऊ लेप बोटाने पुसून बघा. पहिल्या वेळी तो असणारच. नखाला टोचणारे तुकडे किंवा तांबूस चमक दिसली तर बोल्ट तसाच कागदात गुंडाळून सर्व्हिस सेंटरला दाखवा, वॉरंटी चालू असते. जळके ऑइल ओहोळात ओतू नका. वाळवी लागू नये म्हणून खांबांना चोपडायला लोक नेतात, पण उरलेले डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्याला द्या.

ऑइल बदलायला गाडी खड्ड्यावर चढलीच आहे, तर चाकांचे नट, स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि एअर फिल्टरच्या पाइपाचे क्लिप तेव्हाच आवळून घ्या. नव्या गाडीत ते थोडे ढिले होतात. क्लिप ढिला राहिला तर खडीच्या रस्त्यावरची धूळ सरळ लायनरमध्ये जाते. बिल, तारीख, किलोमीटर आणि तास त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, वॉरंटीचा प्रश्न आला तर कंपनी तेच मागते.