सगळं पाठवू नका!

इक्वेडोरमधला रेव्हेंटाडोर ज्वालामुखी 2002 च्या मोठ्या उद्रेकानंतरही धुमसतच होता. 2005 च्या ऑगस्टमध्ये हार्वर्डच्या संगणकतज्ज्ञांनी ज्वालामुखीच्या अभ्यासकांना सोबत घेऊन त्याच्या उतारावर सुमारे तीन किलोमीटरच्या पट्ट्यात 16 बिनतारी सेन्सर बसवले. प्रत्येकाजवळ कंपनमापक, मायक्रोफोन, छोटा रेडिओ आणि टॉर्चचे जाड सेल. मुक्काम 19 दिवसांचा.

माहिती वाहणाऱ्या जाळ्याच्या ‘सेवेची गुणवत्ता’ म्हटलं की आपल्याला मोबाइलची रेंज आठवते. इथे मागणी वेगळी होती. स्फोट झाला की त्या मिनिटाची नोंद अखंड हवी, जास्तीत जास्त ठिकाणांहून हवी आणि सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत. उरलेला दिवस डोंगर काय करतो, याच्याशी फारसं देणंघेणं नाही.

दिवसभराची प्रत्येक नोंद हवी असती, तर प्रयोग जमलाच नसता. सेकंदाला 100 नोंदी घेणाऱ्या 16 यंत्रांची माहिती वाहायला रेडिओचा वेग कागदावर सेकंदाला 250 किलोबिट, प्रत्यक्षात 100 च्याही खाली. त्यातही दूरच्या सेन्सरचा निरोप शेजाऱ्यांकडून हातोहात पुढे जाणार, म्हणजे तोच मजकूर अनेकदा हवेत. म्हणून प्रत्येक सेन्सर नोंदी स्वतःच्या स्मृतीत ठेवायचा. हादरा जाणवला की फक्त तेवढंच कळवायचा. 30 टक्के सेन्सरांनी एकाच सुमारास तसं कळवलं, की वेधशाळेतलं मुख्य केंद्र शेवटच्या 60 सेकंदांच्या नोंदी एकेकाकडून मागवायचं आणि हरवलेले तुकडे पुन्हा मागायचं. या उतरवणीच्या वेळी मात्र नवी नोंद बंद! लागोपाठ दुसरा स्फोट झाला तर तो निसटणार. हा सौदा जाणूनबुजून केलेला होता, आणि माझ्या मते योग्यच.

घड्याळांनी मात्र छळलं. दोन नोंदींमधलं अंतर 10 मिलिसेकंदांचं, तेव्हा चूक त्याहून मोठी झाली तर लहर आधी कुठे पोहोचली हे सांगताच येत नाही. वेळ जुळवण्याची पद्धत अधूनमधून भरकटली आणि नोंदींच्या वेळा नंतर हिशेब करून सुधाराव्या लागल्या.

तरीही 200 हून अधिक स्फोट आणि भूकंप हाती लागले. सेन्सरांच्या एका सॉफ्टवेअर-दोषाने काही दिवस खाल्ले खरे. पण एरवी डोंगरावरच्या सेन्सरांपेक्षा जास्त वेळा बंद पडलं ते वेधशाळेतलं मुख्य केंद्रच. कारण तिथली वीज जायची.