बुद्धिबळात जिंकण्यापूर्वी हरणे थांबवा

देवपूर (धुळे) : नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला नमवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर हा किताबही मिळवला. त्या वेळी ती १९ वर्षांची होती. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ मध्ये ग्रँड स्विस ही मानाची स्पर्धा जिंकली होती. मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरांतून आलेल्या या खेळाडूंमुळे देवपुरासारख्या शाळा-महाविद्यालयांच्या वस्तीत घरोघरी पट मांडला जाणे स्वाभाविक आहे. मात्र पहिल्याच स्पर्धेत झटपट मात खाऊन पट कायमचा कपाटात ठेवणारी मुलेही कमी नसतात. महागडे प्रशिक्षण नाही म्हणून आपण हरलो, असा पालकांचा व मुलांचा समज होतो. वास्तविक नवख्या खेळाडूचे बहुतेक डाव अज्ञानामुळे नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याची खेळी न पाहिल्यामुळे जातात.

चार खेळ्यांची मात

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे शाळकरी स्पर्धांत हमखास दिसणारी चार खेळ्यांची मात. दोघेही राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकतात. पांढरा दुसऱ्याच खेळीला वजीर पटाच्या कडेपर्यंत तिरका नेतो आणि तिसऱ्या खेळीला उंट बाहेर काढतो. दोघांचाही रोख काळ्या राजाच्या बाजूच्या उंटासमोरील प्याद्यावर असतो. सुरुवातीच्या मांडणीत या प्याद्याला राजाखेरीज कोणाचाच आधार नसतो. काळ्याने हे पाहिले नाही, तर वजीर ते प्यादे मारतो आणि डाव संपतो.

यावरचा उपाय सोपा आहे. पण त्यालाही क्रम आहे. वजीर बाहेर येताच अनेक मुले त्याला हुसकावण्यासाठी राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे एक घर पुढे करतात. ही घाई अंगलट येते. वजीर मधले प्यादे मारून राजाला शह देतो आणि त्याच वेळी कोपऱ्यातील हत्तीवरही रोखला जातो. म्हणून आधी वजिराच्या बाजूचा घोडा काढून मधल्या प्याद्याला आधार द्यावा. पांढऱ्याचा उंट बाहेर आला, की मग ते प्यादे पुढे करून वजिराला हटवावे. वजिराने मागे सरून पुन्हा तोच मारा साधला, तर दुसरा घोडा मध्ये आणावा. आता काळ्याचे दोन्ही घोडे मैदानात असतात आणि पांढऱ्याचा एकटा वजीर पळत असतो. एकच उपाय एक खेळी आधी केला तर हत्ती गमावला जातो आणि वेळेवर केला तर डाव सावरतो.

खेळीपूर्वीचे दोन प्रश्न

प्रत्येक खेळीपूर्वी खेळाडूने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. समोरच्याने आता केलेल्या खेळीमागे त्याचा हेतू काय? आणि मनात असलेली खेळी मी केली, तर त्याला कोणता शह देता येईल, कोणता मोहरा मारता येईल? स्पर्धेत हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो. म्हणून उत्तर मिळेपर्यंत हात पटापासून दूर ठेवणे हितावह असते. आपला घोडा फुकट जातो आहे, हे बहुधा या दुसऱ्या प्रश्नानेच लक्षात येते.

मारामारीचा हिशेब करताना मोहऱ्यांचे ढोबळ मूल्य ध्यानात ठेवावे. प्याद्याचा एक गुण धरला, तर घोडा व उंट प्रत्येकी तीन, हत्ती पाच आणि वजीर नऊ गुणांचा मानला जातो. राजाला मूल्य नाही, कारण त्याची मारामारी होतच नाही.

सुरुवात कशी करावी?

सुरुवातीच्या खेळ्यांची पुस्तके पाठ करण्यापूर्वी तीन तत्त्वे अंगी बाणवावीत. पहिले, मधल्या चार घरांवर ताबा मिळवणे. पटाच्या मध्यावरील घोडा आठ घरांवर मारा करतो, तर कोपऱ्यातील घोडा केवळ दोन घरांवर. दुसरे, घोडे आणि उंट लवकर बाहेर काढणे आणि कारण नसताना एकच मोहरा पुन्हा पुन्हा न खेळणे. तिसरे, किल्लेकोट, म्हणजेच कॅसलिंग, लवकर करून राजाला सुरक्षित ठेवणे. वजीर आरंभीच बाहेर काढला, तर तो प्रतिस्पर्ध्याच्या लहान मोहऱ्यांचे लक्ष्य ठरतो आणि त्याला हुसकावता हुसकावता त्यांचा विकास होतो.

शेवट आधी शिकावा

बाटुमीतील अंतिम लढतीचे पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. जलद डावांच्या टायब्रेकमध्ये पहिला डावही बरोबरीत गेला. दुसऱ्या डावात काळे मोहरे घेऊन खेळणाऱ्या दिव्याने शेवटच्या टप्प्यात, घड्याळाचे दडपण असताना, हंपीच्या चुकांचा लाभ उठवला. अखेरचा टप्पा किती निर्णायक असतो, हे त्यातून दिसते. तरीही अनेक मुलांच्या सरावात हाच भाग सर्वांत शेवटी येतो.

त्याची सुरुवात राजा आणि एका प्याद्यापासून करावी. दोन्ही राजे एका सरळ रेषेत, मध्ये एकच घर सोडून समोरासमोर आले, की ज्याची खेळी त्याला वाट सोडावी लागते. आपला राजा प्याद्याच्या पुढे जाऊन सहाव्या ओळीत पोहोचला, तर खेळी कोणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतो. अपवाद कडेच्या प्याद्याचा. तेथे विरोधी राजाने कोपरा गाठला, की डाव बरोबरीत सुटतो. जिंकत आलेला डाव हातचा जाण्याचे आणखी एक कारण असे : समोरच्या एकट्या राजाला शह नसताना त्याला हलायला एकही घर उरले नाही, तर विजय नव्हे, बरोबरी मिळते.

सरावाचे वेळापत्रक

रोज अर्धा तास मिळाला तरी पुरेसा आहे. त्यातील निम्मा वेळ एक-दोन खेळ्यांत मात किंवा दुहेरी हल्ला शोधण्याची कोडी सोडवण्यात घालवावा. उरलेल्या वेळात स्वतःचा हरलेला डाव नोंदीवरून पुन्हा मांडावा आणि तो नेमका कोठे फिरला, हे आधी स्वतः शोधावे. संगणकाचे उत्तर त्यानंतर पाहावे; आधीच पाहिल्यास चूक कळते, पण चुकीमागचा विचार कळत नाही. मोबाइलवरील तीन-तीन मिनिटांचे डाव करमणुकीपुरते ठेवावेत. वरील दोन प्रश्न विचारण्याची सवय त्यांत लागत नाही.

समोरासमोर बसून खेळण्याला मात्र पर्याय नाही. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि त्यातून त्या शहराची बुद्धिबळाची परंपरा उभी राहिली. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही खाडिलकर भगिनी राष्ट्रीय विजेत्या झाल्या, तेव्हा संगणक हाताशी नव्हता. आज बहुतेक खुल्या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. तीत पहिल्या फेरीत हरलेला खेळाडू बाद होत नाही; पुढच्या फेरीत त्याला सामान्यतः तेवढेच गुण असलेला प्रतिस्पर्धी मिळतो. त्यामुळे पहिला पराभव झाला तरी मुलाने सर्व फेऱ्या खेळाव्यात, प्रत्येक डाव लिहून घ्यावा आणि पालकांनी घरी आल्यावर गुण विचारण्याऐवजी ती वही उघडायला सांगावी.